काशीबाईची अब्रू

१८८४ साली मुंबईच्या बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने दोन टिपणं छापली. एक बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. ती सरकारी अधिकाऱ्यांकडे आणि समाजातल्या जाणत्या लोकांकडे गेली, त्यांवर मतं मागवली गेली. पुण्याहून जोतीराव फुल्यांनीही आपलं मत इंग्रजीत लिहून पाठवलं. अशा चर्चेत शास्त्राधार, सरकारने रूढीत हात घालावा की नाही, असे मुद्दे नेहमीच येतात. फुल्यांच्या मतात मात्र एक बाई येते. तिचं नाव काशीबाई.

हकीकत थोडक्यात अशी. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई स्वयंपाकाला होती. ब्राह्मण, तरुण, विधवा. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. ते तिच्या मागे लागले. आधी तिने दाद दिली नाही, शेवटी ती फसली आणि तिला दिवस गेले. मग त्याच शास्त्रीबुवाच्या सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधं घेतली. उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. काशीबाईने सुरीने त्याचा जीव घेतला आणि प्रेत मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला पकडलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला. शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची.

ही घटना आज घडली असती तर बातमीचा मथळा काय असता, याचा अंदाज तुम्हाला आहेच. 'निर्दयी मातेने' वगैरे. फुल्यांनी ती कशी सांगितली ते बघा. सुरीपर्यंत पोचण्याआधी ते सांगतात की काशीबाई चांगल्या घरातली होती, वागायला नेक होती. मग शास्त्रीबुवा येतो, मग औषधं, आणि सगळ्यात शेवटी सुरी. हे तिने का केलं, तर आपल्या समाजात आपलं नाव खराब होऊ नये म्हणून, असं ते स्पष्ट लिहितात. खून झाला हे ते लपवत नाहीत. पण ती बाई त्या विहिरीपर्यंत कोणत्या रस्त्याने गेली, हेही ते वाचणाऱ्याला दाखवतात.

शास्त्रीबुवाचं पुढे काय झालं, याचा त्या मतात उल्लेख नाही.

तोंडावरचं पाणी

'अब्रू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ 'आब-रू', म्हणजे तोंडावरचं पाणी, चेहऱ्यावरचं तेज. मराठीतली लाजही सगळी तोंडातच राहते. तोंड काळं करणं, तोंड लपवणं, तोंड दाखवायला जागा न उरणं. चेहरा म्हणजे माणसाचा तो भाग, जो त्याला स्वतःला दिसत नाही, फक्त दुसऱ्यांना दिसतो. अब्रू ही वस्तूही तशीच. ती आपली म्हणायची, पण तिचा ताबा गल्लीतल्या लोकांकडे.

हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात अपराधभाव आणि लाज यांच्यात फरक केला होता. अपराधभावात माणसाचं लक्ष कृत्यावर असतं: माझ्या हातून हे वाईट घडलं. लाजेत ते स्वतःवर असतं: मीच वाईट आहे. वरवर बारीक वाटणारा हा फरक पुढे फार मोठा होतो. घडलेल्या गोष्टीची भरपाई करता येते, माफी मागता येते, शिक्षा भोगता येते. पण आपण असणं हाच प्रश्न असेल तर त्यावर उपाय एकच सुचतो, दिसेनासं होणं. किंवा ज्या गोष्टीमुळे आपण दिसतो आहोत तिला दिसेनासं करणं. काशीबाईच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे एक दिवसाचं मूल होतं.

इथे कुणी म्हणेल, कायदा होता की. खरंच होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. काशीबाईने पुन्हा लग्न केलं असतं तर सरकारने तिला अडवलं नसतं. पण महाराष्ट्रात ब्राह्मण विधवेचं गाजलेलं पहिलं लग्न लागलं ते १८६९ मध्ये, विष्णुशास्त्री पंडितांच्या खटपटीने. आणि त्यातल्या लोकांवर बहिष्कार पडला. कायद्याने दार उघडलं होतं, पण दारापर्यंत जायचं तर सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत जावं लागत होतं.

मूल झाल्यावर मात्र हाच कायदा तत्पर होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत खुनाला शिक्षा होती, मूल टाकून देण्याला शिक्षा होती, आणि मूल जन्मल्याचं लपवण्यासाठी प्रेताची गुपचूप विल्हेवाट लावण्यालाही वेगळी शिक्षा होती. म्हणजे लाजेपोटी बाई काय काय करेल, याची यादी सरकारकडे तयार होती. ते तिने करू नये म्हणून जायला एखादी जागा असावी, हे त्या यादीत कुठेच नव्हतं.

भिंतीवरची जाहिरात

ती जागा फुल्यांनी केली. खटल्याचा निकाल लागल्याबरोबर आपल्याला आपल्या घराच्या आवारातच असं गृह काढणं भाग पडलं, असं ते लिहितात. साल १८६३. हेच बालहत्या प्रतिबंधक गृह. त्याच्या छापील जाहिराती पुण्यात ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवल्या गेल्या.

शाळेच्या पुस्तकात या गृहाला एक ओळ मिळते. १८४८ ची मुलींची शाळा, मग हे गृह, मग सत्यशोधक समाज, अशी यादी पाठ करून आपण पुढे जातो. पण ती जाहिरात काय म्हणत होती ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिचा मतलब असा: विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. मूल बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं, हे त्यांच्या मर्जीवर. ठेवलं तर त्याची काळजी इथे घेतली जाईल.

बस, एवढंच. बापाचं नाव सांगा, अशी अट नाही. पश्चात्ताप करा, नाही. पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घ्या, नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: फॉर्ममधल्या प्रत्येक सक्तीच्या रकान्यापाशी काही माणसं परत फिरतात. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे, तोच बहुतेक वेळा आधी परत फिरतो, कारण त्याच्याकडेच त्या रकान्यात भरण्यासारखं काही नसतं. त्यामुळे मला ती जाहिरात वाचताना तिच्यात काय लिहिलंय यापेक्षा काय विचारलेलं नाही, हे आधी दिसतं. चांगल्या मनाची माणसं तेव्हाही पुष्कळ होती आणि दयाही करत होती. पण दया करणारा आधी चौकशी करतो. समोरचा दयेला पात्र आहे ना, याची त्याला खात्री हवी असते. आणि त्या चौकशीतच लाजेचा सगळा कारभार चालतो.

याला आपण आज सहवेदना म्हणतो, एम्पथी म्हणतो. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतं ते कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवणं, 'मी समजू शकतो' म्हणणं. फुल्यांच्या घरात ती आधी एका खोलीच्या रूपात आली. सावित्रीबाईंनी केलेल्या बाळंतपणांच्या, उकळलेल्या पाण्याच्या, धुतलेल्या दुपट्यांच्या रूपात आली. काशीबाईच्या जागी स्वतःला ठेवून बघितल्यावर तिला भाषणाची नाही, मागच्या दाराची गरज होती, हे ज्याला कळलं त्याने मागचं दार केलं.

आणि हे कोणासाठी केलं? ज्या वस्तीने या नवराबायकोला शाळा काढल्याबद्दल छळलं, तिच्याच लेकीसुनांसाठी.

पस्तीसपैकी पाच

आता एक आकडा, जो गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही. १८८४ च्या त्याच मतात फुले सांगतात की सुरुवातीपासून तोपर्यंत ३५ गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत आहेत. ३० दगावली. कारणही ते देतात: गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांना इजा झाली होती.

म्हणजे त्या बायका दारापर्यंत आल्या, पण उशिरा आल्या. आधी महिनोन्‌महिने काढे, मात्रा, कुणी सांगेल ती मुळी. प्रत्येकीने आधी एकटीने लढून पाहिलं आणि सगळं संपल्यावर ती त्या जाहिरातीकडे वळली. दार उघडं असणं आणि दार उघडं आहे यावर विश्वास बसणं, यांत जो काळ जातो, त्या काळाने ती ३० मुलं नेली.

फुल्यांनी हा आकडा लपवला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारपुढे आपल्या संस्थेचं काम मांडताना ३५ बायकांचे जीव वाचले, इथेच थांबता आलं असतं. त्यांनी ३० मुलांचाही हिशोब दिला. लाज झाकण्यासाठी काढलेल्या घराचं स्वतःचं अपयश मात्र त्यांनी झाकलं नाही.

असं हे एकच घर नव्हतं. १८७५ च्या सुमारास पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला. विधवेने यात्रेला जाणं लोकांच्या डोळ्यांत येत नाही, त्यामुळे यात्रेच्या निमित्ताने तिथे येऊन बाळंत होण्याची आणि मूल सोडून जाण्याची वाट कितीतरी बायकांनी धरली. विठोबाच्या गावी जाण्याला कोणी कारण विचारत नाही.

लपवणं पुरेसं आहे का?

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. गुपचूप या, गुपचूप जा, असं सांगणारं घर लाजेशी लढतं की तिच्याशी तडजोड करतं? बाई सुटते, पण आळी तशीच राहते. शास्त्रीबुवा तसाच राहतो.

१८८१ मध्ये सुरतेकडे हेच पुन्हा घडलं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या अर्भकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. मुंबई हायकोर्टाने ती कमी करून काळ्या पाण्याची केली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बायका कशा बिघडत चालल्या आहेत, यावर पुरुषांनी भरपूर लिहिलं.

विदर्भात, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे नावाची एक बाई हे वाचत होती. १८८२ मध्ये तिचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटं पुस्तक पुण्यात छापून निघालं. ताराबाई विधवांची वकिली करत बसल्या नाहीत. त्यांनी बायकांवर ठेवले जाणारे आरोप एकेक करून उचलले आणि ते पुरुषांना लागू पडतात की नाही हे तपासलं. लबाडी, व्यभिचार, अविचार, सगळे. विधवेच्या पोटातलं मूल एकटीचं कसं, हा तो प्रश्न. लाज ही जर खरंच काही वस्तू असेल तर तिची वाटणी बरोबर झालेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्यांनी रागाने, तोंडाळपणे, अजिबात मवाळ न होता सांगितलं.

त्यांच्यावर टीकेची झोड उठली, सत्यशोधकांमधूनही. फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळालेलं नाही. हे एकही जवळपास विसरलं गेलं होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा मराठी वाचकाला कळलं की आपल्याकडे असं काही होतं.

माझ्या मते फुल्यांचं घर आणि ताराबाईंचं पुस्तक यांत निवड करायची नसते. ज्या बाईला आज रात्री कळा सुरू होणार आहेत, तिला समाज बदलेपर्यंत थांबा असं सांगता येत नाही. तिला खोली हवी. पण नुसत्या खोल्याच बांधत राहिलं तर पुढच्या वर्षीही तितक्याच बायका येणार. कोणीतरी रस्त्यावर उभं राहून 'शास्त्रीबुवा कुठे आहे?' असं विचारायला हवं.

नाव देणं

फुले नवराबायकोंनी आणखी एक गोष्ट केली, जी या दोन्हींच्या पुढची आहे. १८७४ मध्ये त्यांनी याच गृहात जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंत. इथे गुपचूप काही नव्हतं. ज्या मुलाचा जन्म लपवण्यासाठी घर काढलं, त्याच मुलाला सगळ्या पुण्यासमोर आपलं नाव दिलं. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा यशवंतच्या अंत्यविधीच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे सोळा वर्षं एकाच घरात राहूनही लोकांच्या लेखी ते मूल अजून तिथलं नव्हतं.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने आणि सावित्रीबाईंनी पुण्याजवळ रोग्यांची सेवा केली. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई वारल्या. ज्याला जन्मताच विहिरीत टाकणं शक्य होतं, तो त्या दिवसांत इतरांची नाडी पाहत होता.

त्याच १८९० मध्ये मुंबईत आणखी एक घटना घडली. विधवेचं केशवपन ही लाजेची सगळ्यात उघड खूण. मुंडण केलेलं डोकं आणि लाल आलवण असलं की बाईने तोंड उघडण्याआधीच तिची हकीकत सगळ्यांना कळलेली असे. त्यावर शास्त्रार्थ बरेच झाले होते. फुल्यांनी १८८४ च्या मतात एक साधा मार्ग सुचवला होता: कोणत्याही न्हाव्याला विधवेचं डोकं भादरू देऊ नये. सरकारने ते केलं नाही. पण गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा घेतली आणि न्हाव्यांनीच ठरवलं की यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही.

या सगळ्या इतिहासात मला ही सभा सगळ्यात जास्त आवडते. न्हावी काही धर्मशास्त्र लिहिणारे नव्हते. रूढी त्यांनी काढली नव्हती. त्यांचं काम फक्त हाताचं. पण लाज म्हणजे हवेत तरंगणारी गोष्ट नाही. कोणाच्या तरी हातून ती घातली जाते. बांगड्या कोणीतरी फोडतं, कुंकू कोणीतरी पुसतं, वस्तरा कोणीतरी धरतं. आणि ज्याने वस्तरा धरलाय, त्याला समोरच्या खाली घातलेल्या मानेतलं माणूस दिसलं, तर तो हात मागे घेऊ शकतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

हेरवाड, २०२२

तुम्हाला वाटेल हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं झालं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या, ते योग्यच. पण ठराव २०२२ मध्ये करावा लागला, याचा अर्थ २०२२ पर्यंत ते चालू होतं. आणि ठरावामुळे फक्त परवानगी मिळते. ठरावानंतर पहिल्यांदा कुंकू लावून जी बाई हळदीकुंकवाला जाईल, तिच्याकडे बाकीच्या कशा बघतात, यावर पुढचं सगळं ठरणार. १८५६ च्या कायद्याचं जे झालं, ते आपण पाहिलंच.

आता आळीची जागा आपल्या हातातल्या फोनने घेतली आहे. कोणाचे तरी फोटो फिरतात, कोणाचं तरी चॅट उघडं पडतं, आणि बघता बघता तोंड दाखवायला जागा उरत नाही. फोटो पसरवणाऱ्याचं नाव कोणाला आठवत नाही. फोटोतल्या मुलीचं मात्र सगळ्यांना माहीत असतं. शास्त्रीबुवाची सोय आजही चोख आहे.

अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात संस्था नसते, पैसा नसतो. पण वस्तरा असतो. पुढे पाठवायचं बटण असतं. ते न दाबणं ही न्हाव्यांची सभा झाली. आणि रात्री कोणाचा फोन आला, 'एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नकोस,' तर पहिला प्रश्न 'तू असं का केलंस?' हा न विचारणं, हे भिंतीवरच्या त्या जाहिरातीइतकंच साधं आहे. ये म्हणावं. सुखरूप आहेस ना, ते विचारावं. पुढचं तिच्या मर्जीवर.

काशीबाईला ही जाहिरात वाचायला मिळाली नाही. ती निघाली तीच काशीबाईच्या खटल्यानंतर. तिच्यामागून ३५ जणी आल्या.